तीस खुर्च्यांची सवलत कशाला?

साकोलीजवळ महामार्गावर माझं भोजनालय आहे. सहा टेबलं, चोवीस खुर्च्या. जेवण आटोपलं की एखादा ट्रकचालक बसल्या जागीच बिडी शिलगावतो. बाहेर जा म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘‘भाऊ, हाटेल तुमचंच हाये ना? मंग सरकार कोन सांगनार?’’ मोठ्या शहरांतले हॉटेलमालक हेच जरा भारी शब्दांत विचारतात: खासगी जागेत मालकाची मर्जी का चालू नये?

मर्जी आताही पूर्ण चालत नाहीच. माझ्याच स्वयंपाकघरात मला घरगुती सिलिंडर लावता येत नाही. अन्न परवान्याशिवाय पोळी विकता येत नाही. यावर कोणी हक्काची भाषा करत नाही, मग धुरावरच का? मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2001 साली न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. 2003 चा कायदा आला, 2 ऑक्टोबर 2008 पासून नवे नियम लागू झाले आणि खानावळही ‘सार्वजनिक जागा’ ठरली. ते योग्यच झालं. गिऱ्हाईक अर्ध्या तासात हात धुऊन निघून जातं. पोळ्या लाटणारी बाई आणि टेबलं पुसणारा पोरगा दिवसभर तिथेच असतात. नको असेल तर दुसरं हॉटेल बघा, हे गिऱ्हाइकाला सांगणं सोपं; रोजीवरच्या माणसाला कसं सांगणार?

बिडीशी माझं वैर नाही. माझी आई बिड्या वळायची. सुपात तेंदूपत्ता, मांडीवर कात्री आणि मजुरी हजाराच्या हिशेबाने. ठेकेदाराने खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे बुडाले. गोंदिया 1999 साली वेगळा होण्याआधीपासून या जिल्ह्यात बिडीवर कितीतरी चुली पेटल्या. म्हणून कोणी ‘बंदीने मजूर मरेल’ म्हणतो तेव्हा मला राग येतो. बिडी दाराबाहेर ओढली म्हणून एकही बिडी कमी खपत नाही. त्या बायांची मजुरी वाढवायची असेल तर ती वाढवा. हॉटेलवाल्यांनी त्यांच्या पदराआड लपू नये.

माझी तक्रार वेगळी आहे. तीस किंवा त्याहून जास्त लोक बसतील अशा रेस्टॉरंटला कायदा धूम्रपानाची स्वतंत्र खोली करू देतो. तीस खोल्यांच्या हॉटेललाही. चार भिंती, आपोआप लागणारं दार, धूर बाहेर फेकणारा पंखा, एवढं केलं की झालं. ती खोली झाडायला मालक जातो का? तिथेही पोरगाच जातो. धूर चोवीस खुर्च्यांत वाईट आणि तिसाव्या खुर्चीपासून चालण्यासारखा, हे मला पटत नाही. 2020 च्या दुरुस्ती मसुद्यात ही सवलत काढायचं म्हटलं होतं. तो मसुदा तसाच राहिला.

शिवाय पहारा आमच्याच गळ्यात. फलक मी लावायचा, राखदाणी मी ठेवायची नाही आणि तक्रार येऊनही हललो नाही तर दंडही मला. कबूल आहे. पण भर रात्री दारू प्यालेल्या चौघांना उठवताना फोन केला तर गावातलं पोलीस ठाणं तेवढ्याच तत्परतेने हलायला हवं. धूर काढू देण्याचा हक्क मला नको. ‘नाही’ म्हटल्यावर तो शब्द टिकेल, एवढं पाठबळ द्या.