लेखाजोखा : गोदीतील आग आणि व्यापाऱ्याची वखार

एप्रिल महिना उजाडला की देशभर अग्निशमन सेवा सप्ताहाचे फलक लागतात. त्याचा आरंभ 14 एप्रिललाच का होतो, हे मात्र नव्या पिढीतील व्यापाऱ्यांना क्वचितच ठाऊक असते. त्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील मुंबईत आहे. कापूस, धान्य आणि सोने या आपल्या नित्य परिचयाच्या तिन्ही वस्तू त्या घटनेत गुंतलेल्या आहेत.

'फोर्ट स्टिकीन' हे सुमारे सात हजार टनांचे मालवाहू जहाज. युद्धाच्या गरजेपोटी ते 1942 मध्ये कॅनडाच्या प्रशांत महासागरी किनाऱ्यावरील प्रिन्स रुपर्ट या गावी बांधले गेले. फेब्रुवारी 1944 मध्ये ते इंग्लंडहून निघाले, तेव्हा त्यात सुमारे 1,400 टन दारूगोळा, लढाऊ विमाने आणि सोन्याच्या 124 विटा होत्या. वाटेत कराचीला त्यात कापसाच्या हजारो गाठी, वंगणतेल, लाकूड व गंधक चढविण्यात आले. स्फोटके आणि कापूस एकाच जहाजात! आपल्या परभणीकडील कोणताही जिनिंगवाला असे साहस करणार नाही. परंतु युद्धकाळात जहाजांची टंचाई होती आणि सावधगिरीला मुरड घातली गेली.

12 एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. 14 तारखेच्या दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर येऊ लागला. खाली कापूस पेटला होता आणि वर स्फोटके होती. बंबांनी शेकडो टन पाणी ओतले, तरी आग आटोक्यात येईना. जहाज जागीच बुडवावे, असे एकाचे मत; गोदीत तेवढे खोल पाणी नाही, असे दुसऱ्याचे. अधिकारी अनेक होते, पण अंतिम निर्णय कोणाचा, हेच ठरेना. 3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडण्याची आज्ञा झाली आणि 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून भीषण. आठशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते. मांडवी परिसरातील धान्याची कोठारे व पेढ्या जळाल्या. हजारो कुटुंबे बेघर झाली. युद्धकाळातील नियंत्रणामुळे वृत्तपत्रांना गप्प राहावे लागले; जपानच्या ताब्यातील सायगाव आकाशवाणीने मात्र दुसऱ्याच दिवशी ही वार्ता जगाला सांगितली.

सोन्याच्या विटा शहरभर उडाल्या. सुमारे पावणेतेरा किलोची एक वीट एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली. त्यांनी ती सरकारजमा केली आणि मिळालेले 999 रुपयांचे बक्षीसही आपद्‌ग्रस्तांच्या निधीस दिले. व्यवहारात सचोटी कशाला म्हणतात, याचे याहून चोख उदाहरण शोधावे लागणार नाही. गोदीतील गाळ उपसताना 1970 च्या दशकापर्यंत अशा विटा सापडत राहिल्या.

आज त्या घटनेच्या खुणा थोड्याच उरल्या आहेत. भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात हुतात्म्यांचे स्मारक आहे. कित्येक किलोमीटर उडून आलेला जहाजाच्या पंख्याचा तुकडा सेंट झेवियर्स शाळेत जपलेला आहे. ती गोदी मात्र अलीकडे भरून टाकण्यात आली.

वाचकहो, बँकेत तारण मालाची तपासणी करताना माझ्या मनात हा प्रसंग नेहमी असे. त्या वेळी व्यापाऱ्यांच्या नुकसानभरपाईसाठी 1944 मध्ये शासनाला स्वतंत्र अध्यादेश काढावा लागला. आपल्यासाठी तसा अध्यादेश कोणी काढणार नाही. म्हणून या सप्ताहात तीन गोष्टी अवश्य कराव्यात. पहिली, विम्याची रक्कम आजच्या साठ्याच्या किमतीशी ताडून पाहावी. रक्कम कमी असेल तर दावाही त्या प्रमाणात कापला जातो. दुसरी, पॉलिसीवर नोंदलेला वखारीचा पत्ता आणि माल प्रत्यक्षात ठेवलेली जागा एकच आहे ना, हे पाहावे. तिसरी, कापूस, तेल आणि रसायने एका छपराखाली ठेवू नयेत. आणि आग लागल्यास अंतिम शब्द कोणाचा, हे आजच ठरवून ठेवावे. मुंबईच्या गोदीत पाण्याची उणीव नव्हती. उणीव होती ती वेळेवर घेतलेल्या निर्णयाची.