मायन्याचा प्रश्न

चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र लिहावयास घेतले तेव्हा त्यांची लेखणी मायन्यापाशीच अडली, ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे तर ज्ञानाचा अधिकार मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावे तर चौदाशे वर्षांचे स्वतःचे आयुष्य आड येई. तेव्हा त्यांनी कोराच कागद धाडला, त्याच्या उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या, आणि पुढे या योगिराजांनी ज्यांना गुरू केले त्या मुक्ताबाई तर ज्ञानदेवांहूनही धाकट्या.

तो कोरा कागद माझ्या हाती पडला वयाच्या बाविसाव्या वर्षी, बेलापुरात. २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला होता. पुढे संगणक अर्हता नसलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांची वेतनवाढ रोखण्याचा नियम अमलात आला, आणि दप्तर सांभाळण्यात ज्यांची हयात गेली असे कोकण भवनातले व आसपासच्या कचेऱ्यांतले कारकून, अव्वल कारकून कचेरी सुटल्यावर आमच्या वर्गाचा जिना चढू लागले. हौसेने येणारे थोडे. बहुतेकांना धाकाने यावे लागे, आणि शिकवावयास समोर उभी मी, त्यांच्या लेकीच्या वयाची.

त्यांत पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे एक अव्वल कारकून होते. मजकूर टंकताना प्रत्येक ओळीच्या अखेरीस ते एंटरचे बटण टेबल हादरेल इतक्या जोराने दाबत. साहजिकच मध्ये एखादा शब्द घालावा लागला की साऱ्या ओळी विस्कटत. तीनदा सांगून झाले. चौथ्या वेळी मी सर्वांच्या देखत त्यांच्या हातून माऊस काढून घेतला आणि तो मजकूर स्वतःच नीट करून दिला. त्यांनी चष्मा उतरवला, घडी करून खिशात ठेवला, आणि “पोरी, परीक्षाही तूच दे माझी,” एवढेच म्हणून ते निघून गेले. पुढचे दोन दिवस त्यांची खुर्ची रिकामी होती.

त्यांच्या एका सहकाऱ्याकडून मला कळले, की या गृहस्थांनी वीस वर्षे गोदरेजच्या टंकयंत्रावर काढली होती. गोदरेजने १९५५ साली बाजारात आणलेले हे देशी यंत्र सरकारी कचेऱ्यांतून सर्वत्र असे, आणि त्यावर ओळ संपत आली की घंटा वाजते व टंकणाऱ्याने डाव्या हाताने दांडा ढकलून नवी ओळ घ्यावी लागते. मी जिला चूक म्हणत होते ती वास्तविक वीस वर्षांची शिस्त होती. तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा ज्यांच्या देखत अपमान केला त्यांच्याच देखत मी क्षमा मागितली आणि म्हणाले, “भाऊसाहेब, या यंत्राला घंटा नाही. ओळ ते आपली आपण मोडते. परिच्छेद संपला तरच हे बटण दाबावयाचे.” पुन्हा सांगावे लागले नाही. पुढे त्यांनीच मला प्रस्तावाची टिप्पणी कशी मांडावी, नियमाचा हवाला कोठे द्यावा आणि साहेबांच्या शेऱ्यासाठी जागा कोठे सोडावी, हे शिकवले.

तरुण शिक्षकाला वडीलधारी माणसे हमखास उपदेश करतात: पोशाख भारदस्त ठेवावा, आवाज चढा ठेवावा, हसू नये. मला त्यात फारसे तथ्य वाटत नाही. अशा रीतीने आलेला दरारा पहिला तास संपेपर्यंत टिकतो. मात्र याहूनही घातक मी मानते ती सवलत. “काकांना आता या वयात काय जमणार” असे म्हणून त्यांचा पाठ आपणच करून देणे, उत्तरे हळूच सुचवणे, चुकलेले बरोबर धरणे, ही वरवर अदब दिसते. परंतु तिच्या पोटी, हा मनुष्य आता शिकू शकत नाही, असा निकाल दिलेला असतो, आणि ज्याने जन्मभर माणसांचे अर्ज वाचले त्याला तो निकाल तत्क्षणी वाचता येतो. वयाचा मान माणसाला द्यावा. त्याच्या चुकीला देऊ नये.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी, ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या जिल्हा परिषद शिक्षकाच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ उघडली. गुलाबी नऊवारीचा गणवेश, पाठीवर दप्तर, आणि साठी उलटलेल्या विद्यार्थिनी. त्यांना शिकवावयास उभ्या राहिल्या त्या गावातल्याच तिशीच्या आसपासच्या एक बाई, आणि विद्यार्थिनींमध्ये त्यांच्या सासूबाईही होत्या. घरी ज्यांच्या शब्दाखाली वागावयाचे त्यांनाच फळ्यापाशी बोलवावयाचे. आणि ‘ळ’ चुकला तर, तो सासूबाईंचा असला तरी, चुकला असे म्हणावयाचे. या अवघड कामापुढे माझा बेलापूरचा वर्ग मला सोपा वाटतो.

नवी मुंबईच्या कचेऱ्यांतून आज कागदी नस्तीची जागा ई-ऑफिस घेत आहे, आणि ते शिकवावयास पुन्हा विशीतली मुले-मुलीच येत आहेत. कार्यालयप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे, की “ही मुलगी जरा दाखवील तुम्हाला” असे म्हणून त्यांना वर्गात सोडून जाऊ नये. नाव-आडनावानिशी ओळख करून द्यावी, त्या शिकवावयास आल्या आहेत असे स्पष्ट सांगावे, आणि पहिल्या दिवशी वही घेऊन पहिल्या रांगेत स्वतः बसावे.