दस्त्यातील पापुद्रे

शीर्षक पाहून हा लेख वैद्यकशास्त्रावर आहे असे कोणी समजू नये. हा दस्ता बंदुकीचा आहे. आणि लेखक बंदुकीचा शौकीन नसून एका सुताराचा मुलगा आहे. आमच्या घरी शस्त्र म्हणाल तर करवत, रंधा, पटाशी आणि वाकस एवढेच. आमच्या कुळात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. इतिहास हा माझा आवडीचा विषय. पण इतिहास पुस्तकाबाहेरही वाचता येतो, हे मला शिकवले ते ज्यांनी इतिहासाचे पुस्तक कधी उघडले नाही त्या माझ्या वडिलांनी.

झाले असे. एन.सी.सी.च्या शिबिराहून परतल्यावर एका मित्राने मला मोबाइलवर काही छायाचित्रे दाखविली. युरोप-अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रायफली जमविणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. 'कराबिनर ९८ के' ही त्यांची विशेष लाडकी. १९३५ साली जर्मन सैन्याने स्वीकारलेली, पाच गोळ्यांची ही रायफल एक कोटीहून अधिक संख्येने तयार झाली. मित्राने दाखविलेल्या रायफली युद्धाच्या अखेरच्या काळातील होत्या आणि त्यांच्या दस्त्यावर लाकडाच्या रेषा विलक्षण दिसत होत्या, जणू नकाशावरील उंचीच्या रेषाच! मित्र म्हणाला, "बघ, याला म्हणतात जर्मन कारीगरी आणि जर्मन शिस्त!"

तेच चित्र मी रात्री वडिलांना दाखविले. त्यांनी चष्मा पुसला, चित्र जवळ घेतले आणि म्हणाले, "हे काई अखंड लाकूड नोय बाप्पा. पापुद्रे चिकटोले हायेत. ज्यानं हे केलं, त्याच्यापाशी मुरेल लाकूड नसन."

मी चकित झालो. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की वडिलांचे निदान बरोबर होते. बंदुकीच्या दस्त्याला पूर्वापार अक्रोडाचे लाकूड लागे. ते मुरवायला काळ हवा. घाई केली तर दस्ता पिळतो, तडकतो आणि नेम चुकतो. वखराला ओली बाभूळ वापरली तर काय होते, हे आपल्या वऱ्हाडातील कोणताही शेतकरी सांगेल. लक्षावधी रायफली हव्यात आणि लाकूड मुरायला सवड नाही, म्हणून जर्मनांनी बीच नावाच्या झाडाचे पातळ पापुद्रे काढून, कृत्रिम राळेने चिकटवून, उष्णता व दाब देऊन त्यांचे ठोकळे केले. हे प्रयोग युद्धापूर्वीच सुरू झाले होते. गंमत अशी की हा दस्ता वजनाला जड असला तरी अखंड लाकडाहून कमी वाकणारा निघाला. म्हणजे दस्ता टिकाऊ. पण बाकीची बंदूक मात्र दिवसेंदिवस दरिद्री होत गेली. १९४४-४५ च्या रायफलींत संगीन बसविण्याची खुंटी गेली, नळी साफ करण्याची सळई गेली, घडीव कड्यांच्या जागी पत्र्याची कडी आली. जी शिस्त म्हणून मिरविली जाते, तिच्या अंगावरचे एकेक वस्त्र असे गळत होते!

संग्राहक या रायफलीत काय शोधतात? सर्व भागांवरचे क्रमांक जुळतात का, दस्ता कोणी घासून पॉलिश केलेला नाही ना, कारखान्याची सांकेतिक अक्षरे कोणती. दस्ता घासला की त्यावरचे शिक्के जातात आणि किंमत उतरते. वडिलांना हे चमत्कारिक वाटले. त्यांचा सारा जन्म घासण्यात गेला आहे. मला मात्र ते पटते. जुन्या वस्तूवरचे व्रण पुसू नयेत. ते व्रण म्हणजेच तिची साक्ष.

पण मग साक्ष पूर्ण का ऐकू नये? त्या सांकेतिक अक्षरांत 'बीएनझेड' म्हणजे ऑस्ट्रियातील श्टायरचा कारखाना. त्याच्यासाठी गुझेनच्या छळछावणीतील कैदी रायफलीचे भाग तयार करीत. 'बीसीडी' म्हणजे वायमारचे गुस्टलॉफ. त्यांचा एक कारखाना बुखेनवाल्डच्या छावणीला लागून होता. २४ ऑगस्ट १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तेथील शेकडो कैदी मेले. त्या कैद्यांना मजुरी नव्हती, पोटभर अन्न नव्हते, नाव नव्हते. होता फक्त क्रमांक. आज संग्राहक बंदुकीचे क्रमांक जुळवितात. त्या माणसांचे क्रमांक कोणी जुळवावेत?

कोणी म्हणेल, हे सारे अकोल्याला कशाला? कारण आपला या बंदुकीशी संबंध आहे. इटलीच्या आघाडीवर जर्मन पायदळाच्या हाती हीच रायफल होती, आणि तिच्यासमोर मराठा पलटणीची पोरे उभी होती. १० जुलै १९४४ रोजी तेथे धारातीर्थी पडलेले यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम गाजविणारे नामदेव जाधव, या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि तरीही आपल्याकडे पदपथावरच्या पुस्तकविक्रेत्यांकडे हिटलरचे आत्मचरित्र आजही दिमाखात मांडलेले असते, आणि आपलीच मुले 'देशाला असा एक माणूस हवा' असे बोलतात. त्या मित्रांना मी वाद घालून काही सांगणार नाही. तो दस्ता तेवढा नीट पाहा, म्हणेन.

मी संग्रहाच्या विरुद्ध नाही. आपल्याकडे शस्त्र कायद्यामुळे असा संग्रह सहज शक्य नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकालाही दोनच बंदुका बाळगता येतात, आणि ते योग्यच आहे. पण वस्तूकडे पाहण्याची दृष्टी जमवायला परवाना लागत नाही. नरनाळ्याच्या किल्ल्यावर गेलो की आपण नऊगजी तोफेवर बसून फोटो काढतो. ती कोणी ओतली, एवढे धूड ज्यांच्या खांद्यांवरून त्या डोंगरावर चढले ते कोण, हा प्रश्न आपल्या सहलीत मी एकदाही ऐकला नाही, आणि खरे सांगायचे तर मीही विचारला नाही. राजाचे नाव आपल्याला पाठ असते; कारण परीक्षेत तेच विचारतात.

आमच्या गुरुजनांना एक नम्र विनंती आहे. एखादा तास फळ्याऐवजी एखाद्या वस्तूसमोर घ्यावा. ती बंदूकच असावी असे नाही. मोडकी तिफण चालेल, गंजलेला वाकस चालेल. आणि त्या तासाला एखाद्या सुतारालाही बोलवावे.

त्या रात्री वडिलांना मी छावणीतील कैद्यांची हकिकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चित्रावरून बोट फिरवीत म्हणाले, "हात चांगले होते त्यायचे."

माझ्या मित्राने बंदूक पाहिली होती, मी लाकूड पाहिले होते. हात फक्त त्यांनीच पाहिले.

— बी. ए. द्वितीय वर्ष