कर्ज दुसऱ्याचं, फोन तुम्हाला: वसुलीचे कॉल थांबवायचे कसे?

"अमुक अमुक बोलताय ना? तुमचा हप्ता थकलाय." तुम्ही म्हणता, राँग नंबर. दुसऱ्या दिवशी वेगळ्या नंबरवरून तोच प्रश्न येतो. तो ब्लॉक केला की तिसरा.

'एकदा सांगितलं ना' हे इथं चालत नाही, त्याला कारण आहे. फोन करणारा बहुतेकदा बँकेचा कर्मचारी नसतो, बाहेरच्या वसुली एजन्सीचा असतो. थकबाकीदारही सर्रास 'राँग नंबर' म्हणतात, त्यामुळे तुमच्या शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही. त्याच्याशी भांडण्यात शक्ती घालवू नका. तक्रार करायची ती कर्ज देणाऱ्या बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे, आणि तीही लेखी.

तुमचा नंबर त्यांच्याकडे गेला कसा?

पहिली शक्यता, तुमचं सिमकार्ड नवीन आहे पण नंबर जुना. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. आधीच्या मालकानं कर्ज घेताना हाच नंबर दिला असेल, तर बँकेच्या लेखी तो अजून त्याचाच असतो. खरं तर यावर उपाय आहे. कायमच्या बंद झालेल्या नंबरांची यादी सरकारी प्लॅटफॉर्मवर उपलब्ध असते. ही यादी वापरून आपल्या नोंदी साफ ठेवा, असं रिझर्व्ह बँकेनं १७ जानेवारी २०२५च्या परिपत्रकात बँका आणि फायनान्स कंपन्यांना सांगितलंय. म्हणजे 'आम्हाला काय माहीत नंबर बदलला' ही सबब आता फारशी टिकत नाही.

दुसरी शक्यता, एखाद्या मित्रानं, चुलतभावानं किंवा ऑफिसमधल्या सहकाऱ्यानं कर्जाच्या अर्जात 'रेफरन्स' म्हणून तुमचा नंबर टाकला. रेफरन्स म्हणजे जामीनदार नव्हे. जामीनदार व्हायला तुमची संमती लागते. कुणी परस्पर तुमचं नाव लिहिलं म्हणून एक रुपयाही तुमच्या अंगावर येत नाही.

तिसरी शक्यता लोन ॲपची. कर्जदाराच्या फोनमधली अख्खी काँटॅक्ट लिस्ट उचलायची आणि सगळ्यांना फोन करून त्याची बदनामी करायची, ही यांची जुनी पद्धत. डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार ॲपला काँटॅक्ट लिस्ट आणि कॉल लॉग बघायला मनाई आहे. तरीही असे फोन येत असतील, तर ॲप नियम मोडतंय किंवा मुळातच बेकायदा आहे.

नियम तुमच्या बाजूनं आहे

१२ ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं वसुलीसाठी 'कोणत्याही व्यक्तीला' धमकावण्यास किंवा त्रास देण्यास मनाई केली आहे. फक्त कर्जदाराला नव्हे, हे लक्षात घ्या. कर्जदाराचे कुटुंबीय, मित्र आणि रेफरन्स यांच्या खासगीपणात घुसणंही त्यात येतं. कर्जदारालाही सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करता येत नाही. आणि एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी बँकेचीच.

मग करायचं काय?

पुढचा फोन आला की कट करू नका. शांतपणे दोनच गोष्टी विचारा: कोणत्या बँकेकडून किंवा कंपनीकडून बोलताय आणि एजन्सीचं नाव काय. कॉल रेकॉर्ड करा, तारीख-वेळ टिपून ठेवा. 'खात्री करण्यासाठी' आधार, पॅन किंवा ओटीपी मागितला तर द्यायचा नाही. 'थोडे पैसे भरा, फाइल बंद करतो' हाही सापळाच.

मग त्या बँकेच्या वेबसाइटवरून तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल शोधा आणि चार ओळी लिहा: "हा क्रमांक अमुक तारखेपासून माझ्या नावावर आहे. तुमच्या कर्जाचा मी कर्जदार, सहकर्जदार किंवा जामीनदार नाही. हा क्रमांक तुमच्या आणि तुमच्या एजन्सीच्या नोंदींतून काढून मला लेखी कळवा." सोबत कॉलचे स्क्रीनशॉट जोडा. कस्टमर केअर 'लोन अकाउंट नंबर सांगा' म्हणेल. तो तुमच्याकडे नाही, हाच तर तुमचा मुद्दा!

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. इथं एक अडचण आहे. लोकपाल योजनेची सगळी भाषा 'ग्राहका'भोवती फिरते, आणि तुम्ही तर ग्राहकच नाही. व्यवस्थेनं या माणसाचा विचारच केलेला नाही, असं म्हणावं लागतं. म्हणून तक्रारीत 'कोणत्याही व्यक्तीला' हे २०२२च्या परिपत्रकातले शब्द ठळक लिहा.

शिवीगाळ, धमकी किंवा मॉर्फ केलेले फोटो आले, तर ३० दिवस थांबायचं नाही. थेट पोलीस ठाणं किंवा सायबर पोलीस गाठा.

फोनवर घेतलेलं नाव तुमचंच असेल आणि कर्ज मात्र तुम्ही घेतलेलं नसेल, तर प्रकरण वेगळं. तुमच्या कागदपत्रांवर कुणीतरी कर्ज उचललं असू शकतं. सिबिलसह चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो आधी काढा. अनोळखी कर्ज दिसलं तर पोलिसांत तक्रार द्या आणि बँक व क्रेडिट कंपनी, दोघांकडे हरकत नोंदवा. हरकतीचा निकाल ३० दिवसांत लागला नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.