जुन्या संगणकाला नवे कार्ड बसवताना



आजचा विषय आपल्यापैकी पुष्कळांना पोरखेळ वाटेल. मलाही तसाच वाटत होता. पण गेल्या दिवाळीनंतर, म्हणजे 2025 च्या नोव्हेंबरात, एका रविवारी माझी धाकटी बहीण मुकुंदवाडीहून सकाळीच घरी आली. पाणीही न पिता म्हणाली, "दादा, लेकराचा कॉम्प्युटर जळाला. दोन दिवस झाले, ते धड जेवत नाही अन् त्याचा बाप त्याच्याशी बोलत नाही. तूच चल आता."

भाचा एकोणीस वर्षांचा. पॉलिटेक्निकला शिकतो. दाजी वाळूजला एका कंपनीत कंत्राटी कामावर आहेत. 2022 साली भाच्याला 18,000 रुपयांत जुना संगणक घ्यायला मीच सोबत गेलो होतो. 'गेमिंग कॉम्प्युटर' म्हणून तो विकायला ठेवला होता. कॅबिनेटला काच आणि आत लाल-निळे दिवे. ऑफिसात चार रिमे कागद घ्यायचा तर मी तीन कोटेशने मागवतो. पण त्या दिवशी आम्ही दिव्यांची झगमग पाहिली आणि पैसे मोजले. आत काय आहे, हे उघडून पाहिले नाही. तेव्हा या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे, हे आधीच कबूल करतो.

घरी गेलो तर दाजी दारातच उभे होते. म्हणाले, "गेमसाठी सात हजाराचं कार्ड आणलं ह्यानं. त्यातले तीन हजार हिच्या बचत गटाचे. मी बारा-बारा तास उभा राहतो, ते गेम खेळायला का?" भाचा भिंतीला टेकून खाली मान घालून बसला होता. चार हजार त्याचे स्वतःचे होते. उन्हाळ्यातल्या लग्नांत केटरिंगवाल्याकडे पंगती वाढून त्याने ते साठवले होते. पण त्या वेळी कोणी ते बोलले नाही.

आता हे कार्ड म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. संगणकात हिशेबाचे काम प्रोसेसर करतो आणि पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. टायपिंगला, अर्ज भरायला वेगळे कार्ड लागत नाही. पण गेममध्ये दर सेकंदाला तीस-साठ चित्रे नव्याने काढावी लागतात. व्हिडिओ एडिटिंगलाही कार्डाचा मोठा आधार होतो. म्हणून जुना संगणक रखडू लागला की मुलांना वाटते, नुसते कार्ड बदलले की काम झाले. पुष्कळदा ते खरेही असते. मात्र कार्ड एकटे चालत नाही, त्याला वीज लागते.

भाच्याने कोणाकडून तरी जुने आरएक्स 580 हे कार्ड बिलाशिवाय घेतले होते. 2017 साली बाजारात आलेले हे कार्ड त्या काळी चांगले मानले जाई. त्याची भूक 185 वॅटची. मदरबोर्डच्या ज्या खाचेत कार्ड बसते, ती खाच जास्तीत जास्त 75 वॅट देते. बाकीची वीज वेगळ्या तारेने द्यावी लागते. सहा पिनांची तार 75 वॅट देते आणि आठ पिनांची 150 वॅट. भाच्याच्या संगणकात तशी तारच नव्हती. विकणाऱ्याने त्याला एक जोडतार दिली. हार्ड डिस्कसाठी असलेल्या जुन्या चार पिनांच्या जोडण्यांतून ती आठ पिना करून देते. संगणक सुरू झाला, गेमही उघडला. पण दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडू लागला. आठ दिवस असेच चालले. शेवटी एका रात्री जळका वास आला आणि सगळे थंड झाले. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

आम्ही तिघे, म्हणजे मी, भाचा आणि मोठ्या मिनतवारीने आलेले दाजी, कॅबिनेट रिक्षात टाकून सिडकोतल्या एका ओळखीच्या कारागिराकडे गेलो. त्याने काच काढली, ब्लोअरने धूळ उडवली आणि वीज पुरवणारा डबा बाहेर काढला. त्याला सगळे एसएमपीएस म्हणतात. जोडताराची पिन वितळून चिकटली होती. डब्यावर मोठ्या अक्षरांत '450' छापलेले. कारागीर मला म्हणाला, "साहेब, हा आकडा वाचू नका, खालचं लेबल वाचा." खाली बारीक अक्षरांत प्रत्येक लाइनचा हिशेब होता. 12 व्होल्टच्या लाइनपुढे लिहिले होते, 16 अँपिअर.

मी बी.कॉम. झालेला माणूस, विजेतले मला काही कळत नाही. पण गुणाकार कळतो. बारा गुणिले सोळा म्हणजे 192 वॅट. कार्ड आणि प्रोसेसर जगतात ते मुख्यतः याच लाइनवर. भाच्याचा प्रोसेसर इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, 2013 सालचा, 84 वॅटचा. कार्ड 185 आणि प्रोसेसर 84, झाले 269. जमा 192 आणि खर्च 269! घरात असा हिशेब असला तर महिनाअखेर उधारी होते. एसएमपीएसला उधारी करता येत नाही. तो बंद पडतो, नाही तर जळतो. आठ दिवस आपोआप बंद पडणे ही त्याची सूचना होती. ती ओळखायला आमच्या घरात कोणी नव्हते.

दैव एवढेच की मदरबोर्ड, प्रोसेसर आणि हार्ड डिस्क वाचली. कार्ड मात्र कारागिराने आपल्या मशीनवर लावून दाखवले. पंखे फिरले, पण पडद्यावर रंगीत रेघा आणि चौकोन नाचू लागले. कार्डाची मेमरी खराब झाल्याची ही खूण. कारागीर म्हणाला, "हे मायनिंगमधलं असणार." 2020 ते 2022 या काळात आभासी चलन मिळवण्यासाठी जगभर अशी कार्डे रात्रंदिवस राबवली गेली आणि कार्डांचे भाव आकाशाला भिडले. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली. त्या कामाला कार्डांची गरज उरली नाही आणि राबलेली कार्डे ढिगाने जुन्या बाजारात आली. आमचे कार्ड त्यातलेच होते की नाही, हे शपथेवर सांगता येणार नाही. पण सात हजार रुपये बुडीत खाती टाकावे लागले, एवढे खरे.

इतक्यात भाच्याने कारागिराला विचारले, "काका, हार्ड डिस्क तुमच्या मशीनला लावता का? गुरुवारी एका लग्नाचा व्हिडिओ द्यायचा आहे." दाजींनी चमकून पाहिले. तेव्हा कळले की पोरगा एका फोटोग्राफर मित्रासाठी हळदीचे आणि लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून देतो. एका व्हिडिओचे पंधराशे मिळतात. दिवाळीआधी त्याने दोन केले होते, हा तिसरा. याचे सातशे रुपये त्याने आगाऊ घेतले होते आणि ते त्याच कार्डाच्या पैशात गेले होते.

दाजी म्हणाले, "मग हे सांगायला काय झालं होतं?"

भाचा म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही, पप्पा. गेम खेळतो एवढंच म्हणत होते."

दाजी काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी कारागिराला विचारले, "चांगला एसएमपीएस केवढ्याला येतो?"

वाचकहो, पोरगा गेमही खेळतो. ते मी लपवत नाही. दिवसभर कॉलेज, लग्नसराईत रात्री पंगती वाढणे, मग तासभर खेळला तर बिघडले कोठे? आपल्या लहानपणी आपण विटीदांडू खेळताना कोणी त्यातून कमाई किती, असे विचारले नव्हते. दोष खेळाचा नव्हता. घरात पैशाविषयी मोकळे बोलणे नव्हते, हा दोष होता. आणि न बोलता केलेली खरेदी बहुधा बिलाशिवाय होते.

शेवटी काय केले, त्याचा जमाखर्च देतो. नामांकित कंपनीचा नवा एसएमपीएस 2,600 रुपये, त्यावर 12 व्होल्टला 36 अँपिअर, म्हणजे 432 वॅट. जुने जीटीएक्स 1650 कार्ड 6,500 रुपये. कारागिराची मजुरी 400. एकूण 9,500. पैकी दाजींनी 3,000 दिले, भाच्याने 3,500 जमवले आणि 3,000 मी उसने दिले. डायरीत तारीख घालून लिहिले आहेत. बचत गटाचा हप्ता दरमहा 500 भाचाच भरतो.

1650 च का? 2019 सालचे हे कार्ड 75 वॅटचे आहे. त्याच्या पुष्कळ नमुन्यांना वेगळी तार लागत नाही, खाचेतली वीज पुरते. याहून मोठे कार्ड घेऊन उपयोग नव्हता, कारण प्रोसेसर 2013 चा. ऑफिसात पुढच्या टेबलावर कितीही चलाख कारकून बसवा, मागच्या टेबलावरून फाईलच सरकली नाही तर तो काय करणार? विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडला की कोण किती टक्के राबतो आहे, ते दिसते. गेम चालू असताना प्रोसेसर शंभरावर आणि कार्ड साठावर असेल, तर नवे कार्ड आणून फरक पडणार नाही.

ज्यांच्या घरी असा बेत चालला असेल, त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

आधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसचे लेबल वाचा आणि कार्डाची लांबी मोजून जागा पाहा. ऑफिसांतून निघालेले बारीक कॅबिनेटचे संगणक बाजारात पुष्कळ मिळतात. त्यांत अर्ध्या उंचीचेच कार्ड मावते आणि एसएमपीएसही अनेकदा वेगळ्याच मापाचा असतो.

नवे कार्ड सहसा जुन्या खाचेत बसते, पण चालते जुन्या खाचेच्या वेगाने. आरएक्स 6500 एक्सटी या 2022 च्या कार्डाला माहिती वाहून नेणाऱ्या चारच वाटा आहेत; जुन्या बोर्डावर ते आणखी अडखळते. इंटेलच्या आर्क कार्डांना नव्या बोर्डातली एक खास सोय लागते, ती नसेल तर ती मागे पडतात. मॉनिटर फक्त जुन्या निळ्या पिनेचा असेल तर कन्व्हर्टरचे पैसे धरून चाला.

जुने कार्ड विकणाऱ्यासमोर अर्धा तास गेम चालवून पाहा. रेघा दिसतात का, तापमान किती चढते, ते बघा. जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम कार्डाची खरी ओळख दाखवतो; जुन्या कार्डावर नव्याचे नाव चढवूनही विक्री होते. स्वस्त मिळते म्हणून जीटीएक्स 1050 टीआय घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा. त्या पिढीसाठी गेमचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 नंतर बंद झाले. सुरक्षेपुरती दुरुस्ती ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळेल, असे कंपनीने सांगितले आहे.

नवे घेतले तर 18 टक्के जीएसटीसह पक्के बिल घ्या. 'बिलाशिवाय स्वस्त देतो' म्हणणारा आपली वॉरंटी कापून घेतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि कूलरच्या झोतासमोर तर मुळीच नको, ती ओल आत जाते. तीन पिनांचाच प्लग वापरा, अर्थिंग तपासून घ्या. हात घालण्याआधी वायर काढा आणि लोखंडाला स्पर्श करून मगच कार्ड उचला.

शेवटचे आणि महत्त्वाचे. विंडोज 10 ची नेहमीची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. म्हणून अशा संगणकात अंगापेक्षा मोठा पैसा ओतू नका. एसएमपीएस आणि कार्ड पुढे दुसऱ्या संगणकात नेता येतात, तेवढ्यावरच खर्च करा.

लग्नाचा व्हिडिओ गुरुवारी वेळेवर गेला. राहिलेले आठशे रुपये आले, त्यातले पाचशे भाच्याने आईच्या हातावर ठेवले.

परवा दाजींचा फोन आला होता. शेजारच्या मुलाला कार्ड घ्यायचे आहे, म्हणून तो सल्ला विचारायला आला होता. दाजी म्हणाले, "मी त्याला म्हटलं, आधी डब्यावरचं बारीक लेबल वाचून ये. अन् घरी सांगितलंस का, ते सांग."