मोबाईल औषध देत नाही, आठवण देतो

देवासकरांना पं. कुमार गंधर्वांच्या आजारपणाची हकीकत नव्याने सांगायला नको. क्षयाने ग्रासलेले कुमारजी १९४८ साली माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून येथे आले. काही वर्षे गाणे पूर्ण बंद होते. पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळू लागले, भानुमतीताईंनी मनापासून शुश्रूषा केली आणि १९५३ मध्ये कुमारजी पुन्हा मैफलीत गायले. औषध नवे होते हे खरेच. परंतु ते देणारे, विचारपूस करणारे माणूस उशाशी होते, हेही तितकेच खरे. आरोग्यसेवेत मोबाईलचे स्थान कोणते, याचा विचार करताना ही दुसरी गोष्ट विसरता कामा नये, असे मला वाटते.

क्षय आता बरा होतो. नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. अडचण अशी की थोड्याच दिवसांत खोकला थांबतो, अंगात जोर येतो आणि रोगी गोळ्या सोडून देतो. मग रोग उलटतो, आणि कधी कधी औषधालाही जुमानत नाही. पूर्वी केंद्रावर जाऊन कर्मचाऱ्यासमोर गोळी घ्यावी लागे. रोजंदारीवर जाणाऱ्याला ते कसे परवडावे? यावर आपल्याच देशात ‘९९डॉट्स’ नावाची युक्ती निघाली. गोळ्यांच्या पाकिटाला कागदी आवरण असते. गोळी काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसतो. त्यावर फुकट कॉल करायचा, की त्या दिवसाची नोंद होते. नोंद झाली नाही, तर कर्मचाऱ्याला कळते. त्यासाठी महागडा फोन नको, बटणांचा साधा फोन पुरतो.

युक्ती नामी आहे, पण तिची मर्यादाही लक्षात घ्या. कॉल आला म्हणजे फोन लागला एवढेच कळते. गोळी पोटात गेली की नाही, हे कळत नाही. कॉल आला नाही, तर कोणीतरी उठून त्या घरी जायला हवे. जाणारे माणूसच नसेल, तर नोंदवही कितीही सुबक असली तरी रोगी बरा होत नाही.

दुसरे उदाहरण बाळंतपणाचे. ज्या भानुमतीताईंनी कुमारजींना आजारातून बाहेर काढले, त्यांचा मृत्यू १९६१ साली बाळंतपणात झाला. आज तशा प्रसंगी १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलावता येते. सरकारची ‘किलकारी’ ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ संदेश फोनवर मोफत ऐकवले जातात. मध्यप्रदेशातील चार जिल्ह्यांत या सेवेची काटेकोर पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. कुटुंबनियोजनाच्या साधनांचा वापर थोडा वाढला. मात्र बाळाला सहा महिने केवळ अंगावरचे दूध देण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही.

यामागे कारणे अनेक असतील, पण एक गोष्ट उघड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ५४ टक्के होते, तर मध्यप्रदेशात अवघे ३८.५ टक्के. फोन नवऱ्याच्या खिशात आणि नवरा शेतावर किंवा पिथमपूरच्या कारखान्यात, अशा घरी बाईसाठी आलेला संदेश बाईपर्यंत पोहोचणार कसा?

‘ई-संजीवनी’चेही तसेच. उपकेंद्रावरील आरोग्य अधिकारी दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावर गाठ घालून देतो. कुक्षी, डही किंवा बागलीकडच्या माणसाची एक फेरी आणि एक दिवसाची मजुरी त्यामुळे वाचू शकते. मात्र पडद्यावरून पोट दाबून पाहता येत नाही. नाडी पाहणारा हात जवळ लागतोच.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : मोबाईल हा आरोग्यसेवकाचा मदतनीस आहे, त्याच्या जागी बसवायची वस्तू नव्हे. आणि जो फोन घरातल्या बाईच्या हाती नाही, तो तिच्या आरोग्याच्या उपयोगाचा नाही.

मग आपण काय करावे? विद्यार्थी मित्रांनो, आजी-आजोबांना फोन लावून देऊ नका, लावायला शिकवा. त्यांची औषधे, वेळा आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीवर लावा. बॅटरी संपली तरी कागद वाचता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला रामबाण उपाय पुढे पाठवण्याआधी तो कोणी लिहिला, हे विचारा.

पालकांनो, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी अंगणवाडीत कोणाचा नंबर दिला आहे, हे एकदा आपुलकीने विचारा. घरातला जुना, चालू स्थितीतला फोन कपाटात पडून असेल, तर तो त्यांना द्या. ज्यांची मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी आहेत, त्यांच्या घरी व्हिडिओ कॉल रोज होत असेल. तरी शेजाऱ्याने आठवड्यातून एकदा डोकावलेच पाहिजे.

विश्वस्त मंडळाला विनंती अशी की महिन्यातला एक रविवार शाळेचा एक वर्ग यासाठी उघडा ठेवावा. आशा कार्यकर्तीला बोलवावे, नववीच्या मुलामुलींना मदतीला घ्यावे आणि समाजातील व वस्तीतील स्त्रियांना हे सर्व हाताने करून पाहू द्यावे. शाळेत मोबाईलला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, असे कोणी म्हणेल. मलाही ती मान्य आहे. पण खेळण्यासाठी फोन न देणे वेगळे आणि अडीअडचणीला तो वापरता न येणे वेगळे. खर्च म्हणाल तर फळा, खडू आणि दोन तास. एवढे आपल्या शाळेला सहज जमण्यासारखे आहे.