खाणीचा गाळ कोण तपासणार?

2023 साली अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला. पाच वर्षांत संशोधनाला 50 हजार कोटी, अशी दवंडी पिटली गेली. छान! पण त्यातले सुमारे 36 हजार कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः खाजगी क्षेत्राकडून यायचे, हे किती जणांनी वाचले? आमच्या डिचोलीत खाजगी क्षेत्र म्हणजे खाणवाले. मुळगाव, शिरगावच्या शेतांत खाणीचाच गाळ उतरला. त्या गाळाच्या संशोधनाला खाणवाला पैसे देईल? मला तरी वाटत नाही. पेडण्यात धारगळला केंद्राने 2022 साली आयुर्वेद संस्था उभारली, दोनापावलची समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून सरकारी पैशांवरच वाढली. मग शेताची माती तपासायलाच देणगीदार का शोधायचा? खर्च तिजोरीतूनच हवा. आणि अहवाल मराठी-कोंकणीत, शेतकऱ्याच्या हाती!